ख्रिसमस बाजारात पैसे कुठे खर्च करावेत आणि कुठे हात आखडता घ्यावा

युरोपातील शहरांतले ख्रिसमस बाजार महाग असतात, ही तक्रार खरी आहे. मात्र तिच्यावर जे दोन ठरावीक सल्ले दिले जातात, ते दोन्ही निरुपयोगी आहेत. ‘नुसते दिवे पाहा, विकत काही घेऊ नका’ असे सांगणारा माणूस तुम्हाला कडाक्याच्या थंडीत दोन तास उपाशी उभे करतो, आणि ‘एवढ्या लांब आलात तर किमतीकडे पाहू नका’ असे सांगणारा माणूस कारखान्यातल्या मालाला कारागिराचा भाव मोजायला लावतो. बाजार परवडतो की नाही, हा प्रश्न सबंध बाजाराबद्दल विचारण्यात अर्थ नाही. तो प्रत्येक गाळ्यापुढे नव्याने विचारावा लागतो, कारण एकाच रांगेत, एकाच धाटणीच्या लाकडी गाळ्यांत, स्वतःच्या हाताने वस्तू घडवणारा आणि घाऊक माल खोक्यांतून काढून मांडणारा असे दोघेही शेजारी-शेजारी बसलेले असतात. पुढची पद्धत मुख्यतः जर्मनी आणि ऑस्ट्रियातील बाजारांसाठी आहे.

१. तारीख आधी पाहावी, तिकीट नंतर काढावे

नाताळची सुट्टी २५ डिसेंबरला सुरू होते म्हणून त्या दिवशी पोहोचणारे पर्यटक दरवर्षी रिकाम्या चौकात उभे दिसतात. जर्मनीतील बहुतेक बाजार नोव्हेंबरच्या अखेरीस सुरू होतात आणि २३ किंवा २४ डिसेंबरला बंद होतात. न्यूर्नबर्गचा प्रसिद्ध बाजार ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळपूर्वीच्या चार रविवारांच्या काळातल्या, पहिल्या रविवाराआधीच्या शुक्रवारी उघडतो आणि २४ डिसेंबरला आटोपतो. व्हिएन्नातील काही बाजार नाताळच्या दिवसांतही चालू असतात, तर लंडनच्या हाइड पार्कमधली जत्रा नववर्षापर्यंत चालते; पण ती मुळात पाळण्यांची आणि खेळांची जत्रा आहे, तिच्याकडून कारागिरीची अपेक्षा ठेवू नये.

२. वेळ

सोमवार ते गुरुवार, दुपारी तीनच्या सुमारास. डिसेंबरात चारच्या आसपास सूर्य मावळतो, त्यामुळे वस्तू उजेडात पारखता येतात आणि दिवेही पाहायला मिळतात. शनिवारी संध्याकाळी जाऊ नये. त्या गर्दीत गाळ्यापर्यंत पोहोचता येत नाही आणि पोहोचलात तर विक्रेत्याला बोलायला सवड नसते. विक्रेत्याशी बोलणे का आवश्यक आहे, ते पुढे येईलच.

३. पैसे

सुट्टे युरो जवळ ठेवावेत, कारण अनेक गाळ्यांवर अजूनही फक्त रोख रक्कम चालते. कार्ड वापरलेच आणि यंत्राने ‘रुपयांत की युरोंत’ असे विचारले, तर नेहमी युरो निवडावेत. रुपयांचा पर्याय निवडल्यास विनिमयाचा दर यंत्रामागची कंपनी ठरवते आणि तो तुमच्या बँकेच्या दरापेक्षा जवळजवळ नेहमीच वाईट असतो. प्रागला गेलात तर तिथले चलन कोरुना आहे हे लक्षात ठेवावे आणि गाळेवाला युरो घेतो म्हणाला तरी कोरुनाच द्यावेत.

४. खाणे-पिणे

गेल्या काही हंगामांत मोठ्या जर्मन शहरांत ग्ल्यूवाइनचा (मसाले घालून गरम केलेल्या वाइनचा) एक मग साधारण ४ ते ५ युरोंना आणि भाजलेल्या सॉसेजचा पाव ४ ते ६ युरोंना मिळत आला आहे. बटाट्याच्या कुरकुरीत धिरड्यांची सफरचंदाच्या सॉससह मिळणारी बशी त्याहून थोडी महाग असते. दोन माणसांचे पोट २५ ते ३० युरोंत भरते. त्याच शहरात उपाहारगृहात बसून जेवायला याहून कमी लागत नाहीत, म्हणून खाण्याच्या किमतीबद्दल कुरकुर करण्यात मला तथ्य वाटत नाही. बाजारात जेवावे, बाहेर जेवून बाजारात येऊ नये.

शाकाहारी मंडळींनी बटाट्याची धिरडी, चीज घातलेले श्पेत्सल (जाड शेवयांसारखा पदार्थ), साखरेत परतलेले बदाम आणि भाजलेले चेस्टनट यांवर भर द्यावा. धिरड्यांत बहुधा अंडे असते आणि तळलेल्या गोड गोळ्यांसाठी काही ठिकाणी प्राण्यांची चरबी वापरतात, तेव्हा विचारून घ्यावे. प्रागमध्ये आगीवर भाजलेल्या हॅमची किंमत पाटीवर १०० ग्रॅमची लिहिलेली असते आणि कापणाऱ्याचा हात सढळ असतो. किती ग्रॅम हवे ते सुरी चालण्यापूर्वी सांगावे, नाहीतर एका बशीचे बिल जेवणाच्या बिलाएवढे होते.

ग्ल्यूवाइन घेताना पेयाच्या किमतीवर मगची अनामत रक्कम आकारली जाते. अनेक ठिकाणी मगबरोबर एक छोटे टोकन मिळते. ते हरवले तर मग परत देऊनही पैसे मिळत नाहीत. मग ज्या गाळ्यावरून घेतला तिथेच परत करावा. मात्र त्यावर त्या शहराचे आणि त्या वर्षाचे चित्र असेल, तर तो परत करण्याऐवजी घरी न्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. अनामत ३ ते ५ युरोंची असते आणि तेवढ्या पैशांत बाजारात दुसरी कोणतीही आठवणीची वस्तू मिळत नाही. फक्त कड उडालेला किंवा चित्र खरवडलेला मग पदरात पडला असेल, तर परत देताना न वापरलेला मागून घ्यावा. बहुतेक विक्रेते आनंदाने बदलून देतात. पाटीवर ‘विन्त्सर-ग्ल्यूवाइन’ दिसली तर ती घ्यावी. ती द्राक्षमळेवाल्याने स्वतःच्या वाइनपासून बनवलेली असते आणि मोठ्या डब्यांतून येणाऱ्या गोडमिट्ट पेयापेक्षा तिच्यासाठी मोजलेला जास्तीचा युरो सार्थकी लागतो. मुलांसाठी बिनमद्याचा ‘किंडरपुन्श’ वेगळा मिळतो.

५. वस्तू पारखणे

खरी अडचण इथे आहे, आणि मलाही सगळ्यात उशिरा जमले ते हेच. बहुतेक मार्गदर्शक या टप्प्यावर ‘स्थानिक हस्तकला विकत घ्या’ असे सांगून मोकळे होतात. स्थानिक हस्तकला ओळखायची कशी, हे कोणी सांगत नाही. गाळ्याचे रूप काहीच सांगत नाही. कापसाचा बर्फ, देवदाराच्या फांद्या आणि पिवळे दिवे सगळीकडे सारखेच असतात. बाजार जुना आहे याचाही उपयोग नाही. ड्रेस्डेनचा श्ट्रीत्सलमार्क्ट १४३४ पासून आणि स्त्रासबूरचा बाजार १५७० पासून भरतो, म्हणून तिथल्या प्रत्येक गाळ्यावरचा माल त्या परंपरेतला असतो असे अजिबात नाही.

सर्वांत मोठा गैरसमज लेबलाबद्दल आहे. वस्तूवर ‘मेड इन चायना’ लिहिलेले नाही, म्हणजे ती इथेच बनली, असे लोक गृहीत धरतात. युरोपीय संघात अशा बहुतेक वस्तूंवर निर्मितीचा देश छापण्याची सक्तीच नाही. म्हणून लेबल नसणे हा कशाचाच पुरावा नाही. कारागिराचे किंवा कार्यशाळेचे नाव आणि गाव असणे, हा पुरावा आहे. वस्तू हातात घेतली की आधी उलटी करावी आणि तळ पाहावा. काश्मिरी कागदाच्या लगद्याचे रंगीत गोळे या बाजारांत ‘नाताळची सजावट’ म्हणून हमखास विकायला असतात. ते सुंदर असतात यात शंका नाही, पण युरोंत किंमत मोजून ते परत भारतात नेण्याचा उद्योग कोणी करू नये.

लाकडी बाहुल्यांपासून सुरुवात करू, कारण तिथे फसगत सर्वांत जास्त होते. नटक्रॅकर (अक्रोड फोडणाऱ्या लाकडी बाहुल्या), तोंडातून धूर सोडणाऱ्या धूपबाहुल्या आणि मेणबत्तीच्या उष्णतेने फिरणारे मनोरे ही सॅक्सनीतील एर्त्सगेबिर्ग या डोंगराळ भागाची, विशेषतः झाइफन गावाच्या परिसराची कला आहे. तिथल्या उत्पादकांच्या संघटनेचे स्वतःचे चिन्ह आहे आणि अस्सल वस्तूवर ते किंवा कार्यशाळेचा शिक्का बहुधा सापडतो. शिक्का नसेल तर पुढील गोष्टी पाहाव्यात. एकाच प्रकारच्या तीन-चार बाहुल्या शेजारी ठेवून त्यांचे डोळे आणि भुवया न्याहाळाव्यात: हाताने रंगवलेल्या चेहऱ्यांत एखादी भुवई किंचित वर गेलेली असते, तर छापलेले चेहरे तंतोतंत एकसारखे असतात. धूपबाहुलीचे वरचे धड उचलून आत डोकवावे. धुपाचा सुळका ठेवायची धातूची चकती घट्ट बसलेली असली पाहिजे आणि आतले लाकूड स्वच्छ कातलेले दिसले पाहिजे. डिंकाचे ओघळ दिसले तर बाहुली खाली ठेवून पुढे चालू लागावे.

त्याहूनही नेमकी परीक्षा हवी असेल तर लाकडाच्या कुरळ्या छिलक्यांची चिमुकली झाडे पाहावीत. कारागीर लिंडन झाडाच्या कातलेल्या काडीवर पटाशी टेकवून एकेक छिलका सोलत नेतो, पण तो काडीपासून तुटू देत नाही. छिलका स्वतःच गोल वळतो आणि फांदी तयार होते. म्हणजे सबंध झाड लाकडाच्या एकाच तुकड्यातून निघालेले असते. फांदीच्या मुळाशी नजर नेली की छिलका काडीतूनच उगवलेला आहे की वरून चिकटवलेला आहे, ते तत्काळ समजते. अशा एका झाडाला बसणारा भाव मला कधीच जास्त वाटला नाही. मध्यम आकाराची अस्सल धूपबाहुली साधारण ३० ते ४० युरोंपासून पुढे मिळते. तेवढ्याच उंचीची बाहुली ९ युरोंना मांडलेली असेल, तर ती कातकामाच्या कार्यशाळेतून आलेली नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

काचेच्या गोळ्यांचे मूळ गाव थुरिंजियातील लाउशा. तिथे एकोणिसाव्या शतकापासून काचेच्या नळीला आचेवर धरून, तोंडाने फुंकून गोळे बनवतात आणि त्यांना आतून चांदीचा मुलामा देतात. परवानगी घेऊन वरची धातूची टोपी काढावी आणि काचेची मान पाहावी. हाताने कापलेली मान थोडी ओबडधोबड असते. गोळा वजनाला आश्चर्य वाटावे इतका हलका लागला पाहिजे. मधमाशीच्या मेणाची मेणबत्ती न पेटवताही मधासारखी वासाला येते. तिच्यावर पांढुरकी साय धरली असेल तर ती जुनी किंवा खराब आहे असे मानू नये, ते शुद्ध मेणाचे लक्षण आहे. लोकरी टोप्या, फेल्टच्या सपाता, मिठाचे दिवे आणि सुगंधी साबण यांच्या गाळ्यांवर मात्र पैसे खर्च करू नयेत. हाच माल शहरागणिक त्याच मांडणीत दिसतो, आणि थंडीने हात गोठले म्हणून मोजे घ्यायचेच असतील तर ते शेजारच्या साध्या दुकानात निम्म्या किमतीत मिळतात.

या सगळ्या तपासण्यांपेक्षाही उपयोगी पडतो तो एक प्रश्न: ‘हे कोणी बनवले आणि कुठे?’ कारागीर किंवा त्याच्या घरचे माणूस गाळ्यावर असेल, तर ते लाकडाबद्दल, रंगाबद्दल, लागणाऱ्या वेळेबद्दल बोलू लागते आणि थांबवावे लागते. नुसता विक्रेता ‘इथलेच आहे’ असे म्हणून किमतीकडे वळतो. मोघम उत्तर मिळाले की घासाघीस करत बसू नये. या बाजारांत ती रूढ नाही आणि तिने नकली माल अस्सल होत नाही.

कारागिरीच पाहायची असेल तर बाजारही विचार करून निवडावा. व्हिएन्नात नगरभवनासमोरचा बाजार दिव्यांसाठी पाहावा आणि खरेदीसाठी कार्ल्सप्लात्सच्या बाजारात जावे. तिथे हस्तकलाकारांची निवड करूनच त्यांना जागा दिली जाते. न्यूर्नबर्गमध्ये मुख्य चौकाला लागूनच जुळ्या शहरांचा, म्हणजे न्यूर्नबर्गशी मैत्रीचे नाते जोडलेल्या इतर शहरांचा, बाजार भरतो. त्यातील वस्तू जर्मन नसतात, पण ज्या शहराच्या नावाने त्या मांडलेल्या असतात तिथूनच आलेल्या असतात, आणि हा प्रामाणिकपणा मला महत्त्वाचा वाटतो.

६. घरी नेण्याचा खाऊ

न्यूर्नबर्गचे लेबकूखन (मसालेदार गोड बिस्किटे) घ्यायचे तर एलिझेन प्रकारचे घ्यावे. त्यात बदाम, हेझलनट किंवा अक्रोड किमान २५ टक्के असावे लागतात आणि मैदा १० टक्क्यांहून अधिक चालत नाही. दोरीला टांगलेली, साखरेच्या अक्षरांची हृदयाच्या आकाराची बिस्किटे खाण्यासाठी घेऊ नयेत. ड्रेस्डेनचा श्टोलन (सुका मेवा घातलेला नाताळचा गोड पाव) घेताना सोनेरी लंबगोल शिक्का पाहावा. त्या शिक्क्याच्या श्टोलनमध्ये लोणी भरपूर असते आणि मार्गरीन वापरता येत नाही. मद्य वर्ज्य असणाऱ्यांनी मनुका रममध्ये भिजवल्या आहेत का, हे विचारावे. दोन्ही पदार्थ त्याच शहरातील बेकरीच्या स्वतःच्या दुकानात बहुधा स्वस्त पडतात, म्हणून बाजारात चव घ्यावी आणि डबे तिथून घ्यावेत.

७. सामान बांधणे

काचेचे गोळे मोज्यांत गुंडाळून विमानात सोबतच्या पिशवीत ठेवावेत. हलवले की आत खोटा बर्फ पडणारे, पाण्याचे काचगोळे मात्र मोठ्या बॅगेतच टाकावेत, कारण त्यातील पाणी १०० मिलिलिटरहून अधिक असू शकते आणि सुरक्षा तपासणीत ते काढून घेतले जाऊ शकतात.