सुडोकू अडकलं की एक्स-विंग शोधा
अवघड सुडोकूत सगळं ठप्प झालं की अंदाजाने आकडा टाकू नका प्लीज, आधी प्रत्येक रिकाम्या घरात शक्य ते सगळे आकडे पेन्सिलने बारीक लिहून काढा. मग एकच आकडा धरा, समजा ७. दुसऱ्या ओळीत ७ फक्त तिसऱ्या नाहीतर आठव्या कॉलममध्ये बसतोय आणि सहाव्या ओळीतही नेमकं तसंच, म्हणजे दोन ७ समोरासमोर तिरपेच येणार, कसेही आले तरी दोन्ही कॉलमचा ७ याच चार घरांत संपला, म्हणून त्या कॉलममधल्या बाकीच्या घरांतले ७ बिनधास्त खोडा. या चार घरांच्या जुळणीलाच एक्स-विंग म्हणतात. हेच कॉलमवरून ओळींकडेही चालतं, ते बघायला लोक हमखास विसरतात! दोनाऐवजी तीन ओळी-तीन कॉलम असले की त्याला स्वोर्डफिश म्हणतात, लॉजिक तेच.