जुनी जावा-येझदी उभी करायचीय? मग आधी काहीच भंगारात टाकू नका

नाशिक जिल्ह्यात अजूनही किती जुन्या जावा आणि येझदी मोटरसायकली पडून आहेत बघा, कुठे वाड्याच्या पडवीत, कुठे मळ्यातल्या शेडमधे, कुठे कांद्याच्या चाळीशेजारी ताडपत्रीखाली. कुणाच्या आजोबांची, कुणाच्या मामांची. घरातल्या एखाद्या पोराला वाटतं की ही परत चालू करायची, त्याच्यासाठी हे लिहितोय. मुख्य मुद्दा आधीच सांगून टाकतो, गाडीवर आत्ता जो पार्ट आहे तो कितीही गंजलेला, वाकलेला दिसला तरी ओरिजिनल असेल तर तो रिपेअर करा, बदलू नका. म्हैसूरची आयडियल जावा कंपनी 1996 ला बंद पडली, तो माल आता परत निघणार नाही. 2018 ला नव्याने आलेली जावा फोर स्ट्रोक आहे, तिचं इंजिनचं काही आपल्या टू स्ट्रोकला बसत नाही. आणि बाजारात नवीन म्हणून जो लोकल माल मिळतो त्यात पत्रा पातळ, क्रोम वरवरचा आणि होल एका रेषेत येत नाहीत.

पाना हातात घ्यायच्या आधी कागद बघा. आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरशी जुळवा, रॉकेल आणि पितळी ब्रशने घासून, ग्राइंडर अजिबात लावायचा नाही. अंक वाकडेतिकडे किंवा परत पंच केल्यासारखे वाटले तर गाडी कितीही स्वस्त असो, सोडून द्या. मालक हयात असेल तर गाडी नावावर करायला फॉर्म 29 आणि 30, मालक वारले असतील तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म 31, आणि रजिस्ट्रेशनची मुदत संपलेली असेल तर फॉर्म 25. काम पेठ रोडच्या आरटीओत. त्यासोबत ग्रीन टॅक्स आणि नवीन हाय सिक्युरिटी प्लेट आलीच. गाडी 50 वर्षांपेक्षा जुनी असेल तर 2021 च्या नियमाप्रमाणे विंटेज म्हणून व्हीए सिरीजचा नंबर घेता येतो, नवीन रजिस्ट्रेशनची फी 20 हजार, मुदत 10 वर्षं, पण मग ती रोज भाजी आणायला नेता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, मेंटेनन्स एवढ्यापुरतीच रस्त्यावर. आणि त्या नियमात स्पष्ट आहे की गाडी मूळ रूपात पाहिजे. म्हणजे पार्ट जपायचं हे माझं एकट्याचं वेड नाहीये.

मॉडेल नक्की कुठलं आहे तेही बघून घ्या कारण आपल्याकडच्या गाड्या फार मिक्स झालेल्या असतात. येझदी हे नाव 1973 नंतरचं, रोडकिंग 1978 पासूनची. आरसी 1969 ची आणि टाकी रोडकिंगची असेल तर मधे कुणीतरी बदललीय, आणि तुम्हाला शोधायची यादी तिथूनच सुरू होते. चाकंही बघा, जुन्या मॉडेलला 16 इंची, रोडकिंगला 18 इंची.

गाडी खोलताना मोबाइलवर फोटो काढत राहा, प्रत्येक नट, वॉशर, केबल कुठून गेलीय ते सगळं. नटबोल्ट वेगवेगळ्या डब्यात, डब्यावर चिठ्ठी. जावाचे आटे मिलिमीटरचे आहेत, जुन्या बुलेटसारखे इंग्लिश नाहीत, त्यामुळे आपल्या घरातले 10, 14, 17, 19 चे पाने चालतात. पण एखादा आटा गेला म्हणून कुणी इंची टॅप मारत असेल तर हात धरा त्याचा. क्लच आणि डायनॅमो पुलर लावूनच काढायचा, छन्नी हातोडी नाही. जुन्या इंजिनांच्या केसिंगवर जे घाव दिसतात ना ते सगळे घाईचे.

आता पार्ट कुठे मिळतात, सगळ्यात जास्त हेच विचारतात. शहरात भद्रकाली, द्वारका भागातली जुनी दुकानं आणि गॅरेज फिराच, पण खरा माल तालुक्याच्या गावात असतो. येवला, सिन्नर, निफाड, मनमाड, मालेगाव, जिथे एकेकाळी दूधवाले आणि बागायतदार याच गाड्या वापरायचे, तिथल्या जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानांत जुना स्टॉक पडून राहिलेला असतो. दुकानात शिरल्या शिरल्या भाव विचारू नका. गल्ल्यावर वयस्कर माणूस असेल त्यांच्याशी बसून बोला, "काका, येझदीचं काही पडलंय का वर माळ्यावर?" एवढं विचारा आणि थांबा. बऱ्याचदा आधी नाहीच म्हणतात, मग चहा होतो, मग पोऱ्याला शिडी लावायला सांगतात. वरून धुळीचा खोका येतो, आत मेणकागदात गुंडाळलेली क्लच प्लेट किंवा गिअरचं चाक, ग्रीस वाळून पिवळं पडलेलं, पण खाली धातूला गंजाचा ठिपका नाही. असा माल मिळाला की आत्ता लागत नसला तरी घ्या, आणि पाडून मागू नका. त्या माणसाने इतकी वर्षं तो सांभाळलाय, आणि पुढचा पार्ट निघाला की तो तुम्हालाच फोन करणार आहे.

जुना खराब पार्ट नेहमी सोबत न्या, फोटोवर भरवसा नको. नवीन शेजारी ठेवून वजन हातात बघा, ओरिजिनल जड लागतो, कास्टिंगवरची अक्षरं कोरीव आणि धारदार असतात, लोकल मालाची अक्षरं पुसट, कडा रफ. नाशिकमधे नाही मिळालं तर पुण्यात नाना पेठ आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत कुर्ला, त्यापुढे दिल्लीचं करोल बाग. ऑनलाइन घेताना व्हिडिओ कॉलवर पार्ट फिरवून दाखवायला सांगा, आणि न बघता पूर्ण ॲडव्हान्स पाठवू नका. आणि जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा येझदी डे असतो, त्या दिवशी गाड्या घेऊन जमणाऱ्या लोकांना जाऊन भेटा, कुणाकडे काय जादा पडलंय ते तिथे कळतं, निम्मे पार्ट तर अदलाबदलीतच मिळतात.

नाशिककरांचं एक नशीब आहे ते म्हणजे सातपूर आणि अंबड या एमआयडीसी. मायको (आताची बॉश), ओझरची विमान कंपनी एचएएल, आणि त्यांच्या जिवावर उभी राहिलेली छोटी वर्कशॉप, इथे शंभरावा भाग मोजून काम करणारे हात आहेत. टूलरूममधून रिटायर झालेला एखादा फिटर ओळखीचा असेल तर तुमची क्रँक, म्हणजे पिस्टनने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, त्यांनाच दाखवा. या इंजिनाची क्रँक प्रेसने दाबून बसवलेली असते, कनेक्टिंग रॉड बदलायचा तर पूर्ण वेगळी करावी लागते, आणि परत जोडल्यावर व्ही ब्लॉकवर ठेवून डायल लावून आउट (फिरताना येणारा वाकडेपणा) काढावा लागतो. साध्या गॅरेजला डोळ्यांनी बघून "बसलं साहेब" म्हणतात, मग गाडी पन्नासच्या वर गेली की हँडल हाताला मुंग्या आणतं. डायलचा काटा मिलिमीटरच्या 2-3 शतांशच्या आत हलला पाहिजे, तुमच्यासमोर.

बोअर मारायचं (झिजलेला सिलिंडर आतून कापून मोठा करायचा) असेल तर पिस्टन आधी आणा, मग त्या पिस्टनच्या मापाने सिलिंडर करा, उलटं नाही. स्टँडर्ड बोअर 65 मिमी, स्ट्रोक 75, त्यावरून आधी किती वेळा मारलंय ते कळेल. बोअर झाल्यावर पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांच्या, कडांना हलकी चॅम्फर (उतार) द्यायला सांगा नाहीतर रिंगा अडकून तुटतात. क्रँकचे ऑइल सील नवीनच टाका, रबराच्या बाबतीत जुनं ते सोनं नाही. डाव्या बाजूचं सील गेलं की क्लचकडचं ऑइल इंजिन ओढतं आणि पांढऱ्या धुराचा लोट निघतो, उजवं गेलं की हवा ओढतं, पेट्रोल-हवेचं मिक्श्चर हलकं होतं, पिस्टन तापून जाम होतो. लोक कार्बोरेटर खोलत बसतात आणि दोष सीलचा असतो.

टाकीबद्दल जरा सविस्तर कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. जुन्या जावाच्या टाकीला बाजूला क्रोमचे पट्टे असतात. क्रोमवाल्याकडे टाकली की तो आधी बफिंगला देतो, आणि बफवरचा माणूस चमक येईपर्यंत दाबत राहतो, त्यात पत्रा पातळ होतो, उठावाच्या कडा मरतात आणि ती टाकी परत कधीच पहिल्यासारखी दिसत नाही. म्हणून स्वतः समोर उभं राहा, खड्डे आधी डेंटरकडून आतून काढून घ्या, पुट्टीवर क्रोम चढत नाही. आतला गंज व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिडने काढा, मग सोड्याच्या पाण्याने धुवून लगेच वाळवून आत थोडं टू टी (टू स्ट्रोकचं) ऑइल फिरवा. आता ई20 पेट्रोल आहे, ते पाणी धरतं आणि जुने रबर पाइप, कॉकचे बूच फुगवतं, तर पाइप आणि बूच नवीन घ्या आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवा.

चेसिसला पावडर कोटिंग अंबडमधे छान होतं, मजबूतही असतं, फक्त नंबरवर आणि बेअरिंगच्या जागेवर मास्किंग करायला लावा. कोटिंग नंबरच्या अक्षरात भरलं की आरटीओत पेन्सिलीने छाप निघत नाही आणि मग तुमची पंचाईत. टाकी आणि मडगार्डला मात्र पेंटच, आणि तो पावसाळ्यात नको, दमट हवेत रंगावर पांढरट झाक येते. दिवाळीनंतरची आपली कोरडी थंडी याला बेस्ट. लायनिंग स्टिकरने नका करू, ट्रकवर हाताने रेघा ओढणारे पेंटर अजून आहेत, त्यांचा हात बघण्यासारखा असतो.

वायरिंग नवीन टाका. 6 व्होल्टच्या गाडीत तेवढ्याच वॅटला करंट दुप्पट लागतो म्हणून अर्थिंग आणि कनेक्शन एकदम स्वच्छ पाहिजे, मग 12 व्होल्ट करायची गरज पडत नाही. इग्निशनच्या पॉइंटमधलं अंतर (पॉइंट गॅप) 0.4 मिमी ठेवा.

चालू झाली की पहिले 500 किलोमीटर जपून चालवा, त्र्यंबक रोडने सकाळी जाऊन या, लोड नको, मधे मधे थांबून सिलिंडर थंड होऊ द्या. मी 1 लिटर पेट्रोलला 40 मिली टू टी टाकतो. आणि कसारा घाट उतरताना थ्रॉटल पूर्ण बंद करून गिअरवर गाडी सोडू नका, या इंजिनात ऑइल पेट्रोलसोबतच आत जातं, पेट्रोल बंद म्हणजे ऑइल बंद, आणि इंजिन तर फिरतंय. मधे मधे क्लच दाबून थोडा रेस देत उतरा.