एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बदलताना हाताला न लागणारे बोल्ट न तोडता कसे काढावेत

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांमधला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा भाग, बदलण्याच्या बहुतेक सूचनांमध्ये 'आता सर्व बोल्ट काढून घ्यावेत' असे एक वाक्य लिहून लेखक पुढच्या पायरीकडे वळतो. प्रत्यक्षात या कामाचा निम्म्याहून अधिक वेळ आणि जवळजवळ सगळा धोका त्याच वाक्यात असतो. ओतीव लोखंडाचा मॅनिफोल्ड आणि तो ज्यावर बोल्टने बसवलेला असतो ते ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड तापल्यावर सारखेच वाढत नाहीत. त्यामुळे प्रत्येक वेळी इंजिन तापताना आणि थंड होताना बोल्टवर आडवा ताण येतो, आणि हा ताण सर्वांत जास्त दोन्ही टोकांच्या बोल्टवर येतो. तुटलेले बोल्ट बहुधा टोकांचेच का असतात, याचे कारण हेच आहे. शिवाय त्यांपैकी एक टोक पुष्कळ गाड्यांमध्ये केबिनच्या पत्र्याच्या किंवा एखाद्या ब्रॅकेटच्या आड दडलेले असते.

इंजिन पूर्ण थंड असावे, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली असावी, आणि गाडीखाली जायचे असेल तर ती जॅकवर नव्हे, तर भक्कम स्टँडवर उभी असावी. ऑक्सिजन सेन्सरची वायर आधीच सोडवून बाजूला बांधून ठेवावी.

पेनिट्रेटिंग ऑइल (गंजात झिरपणारे पातळ तेल) आदल्या संध्याकाळी मारावे आणि कामाच्या काही तास आधी पुन्हा मारावे. फवारा मारून पाच मिनिटांत पाना लावायला सांगणारा सल्ला मला अजिबात मान्य नाही, कारण गंजलेल्या आट्यांमध्ये तेल शिरायला वेळ लागतोच. मात्र तेलाकडून किती अपेक्षा ठेवावी, हेही समजून घ्यावे. स्टडवर (हेडमध्ये बसवलेल्या, डोके नसलेल्या आटेदार दांड्यावर) नट असेल तर नटाचे आटे दोन्ही बाजूंनी उघडे असतात आणि तेथे तेलाचा चांगला उपयोग होतो. हेडमधल्या बंद छिद्रात घट्ट बसलेल्या बोल्टच्या आट्यांपर्यंत मात्र तेल फारच थोडे पोहोचते. अशा बोल्टच्या डोक्यावर पितळी दांडा टेकवून हातोडीचे सरळ, बेताचे ठोके द्यावेत. कंपनांमुळे गंजाची पकड सुटू लागते.

आता मुख्य प्रश्न जागेचा. अवघड बोल्टपर्यंत कसाबसा पोहोचणारा पाना शोधत बसण्यापेक्षा बोल्टकडे जाणारा सरळ मार्ग मोकळा करावा, असे माझे ठाम मत आहे. आरसा आणि विजेरी घेऊन आधी नीट पाहावे. हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा), डिपस्टिकची नळी, आड येणारे एखादे ब्रॅकेट असे जे काढता येईल ते काढावे. वरून वाट नसेल तर चाक आणि मडगार्डच्या आतले प्लॅस्टिकचे आवरण काढून बाजूने पाहावे. लांब एक्स्टेन्शन (पाना आणि सॉकेट यांमधला जोडदांडा) कितीदा तरी तेथून थेट बोल्टवर बसते. तेवढ्यानेही भागले नाही, तर इंजिनला खालून लाकडी ठोकळ्यावर आधार देऊन एका बाजूचे माउंटिंग सोडावे आणि इंजिन थोडे कलवावे. हे करताना रबरी पाइप, वायरिंग आणि रेडिएटरचा पंखा यांवर ताण येत नाही ना, याकडे सतत लक्ष ठेवावे. लोक ही पायरी कंटाळून टाळतात. पण त्यात जाणारा वेळ हेडमध्ये तुटून राहिलेला बोल्ट काढण्याच्या वेळेपुढे काहीच नाही.

सॉकेट सहा कोनीच वापरावे. बारा कोनी सॉकेट फक्त कोपऱ्यांवर जोर देते आणि गंजून झिजलेले डोके गोल करते. युनिव्हर्सल जॉइंट (सॉकेटला कोनात वळू देणारा सांधा) लावावाच लागला तर एकच लावावा, तो सॉकेटला लागून असावा आणि त्याचा कोन शक्य तितका कमी ठेवावा. दोन जॉइंट जोडले की जोर देताच सॉकेट तिरके होते आणि डोक्यावरून घसरते. लांब एक्स्टेन्शन स्वतःच थोडे पिळले जाते, म्हणून हाताला जाणवणारी हालचाल बोल्टची आहे की एक्स्टेन्शनची, हे दुसऱ्या हाताची बोटे सॉकेटवर ठेवून तपासावे. उघड्या तोंडाचा पाना बोल्ट सैल झाल्यानंतरच लावावा.

क्रमाबाबत मी कोणतीही तडजोड करत नाही. सर्वांत अवघड बोल्ट सर्वांत आधी सैल करावा, पण पूर्ण काढू नये. तो हललाच नाही, तर बाकीचे सगळे जागेवर असल्यामुळे गाडी जोडून, चालवत वर्कशॉपपर्यंत नेता येते. उलट सोपे बोल्ट आधी काढले तर मॅनिफोल्डचे सगळे वजन त्या एका गंजलेल्या बोल्टवर लटकते आणि तो तिरका आवळला जातो.

पहिला जोर घट्ट करण्याच्या दिशेने किंचित द्यावा आणि मग उलट फिरवावे. गंजाची पकड सुटते तेव्हा 'कट' असा कोरडा आवाज येतो आणि त्यानंतरही फिरवताना अडसर जाणवत राहतो. याउलट पाना आवाज न करता, रबर ओढल्यासारखा मऊपणे फिरू लागला, तर बोल्ट सुटत नसून पिळला जात आहे असे समजावे आणि तत्क्षणी हात थांबवावा. पाव फेरा सैल, थोडे मागे, पुन्हा तेल, पुन्हा पाव फेरा, अशाच रीतीने बोल्ट बाहेर आणावा. करकर वाढली की मागे फिरावे. येथे घाई करणाऱ्याचाच बोल्ट तुटतो, हे मी वारंवार पाहिले आहे.

तरीही बोल्ट हटत नसेल तर उष्णतेचा आधार घ्यावा. अडचणीच्या जागी उघड्या ज्वालेपेक्षा इंडक्शन हीटर (विजेच्या वेटोळ्याने ज्वालेशिवाय धातू तापवणारे साधन) कितीतरी सुरक्षित असतो. आधी मारलेले तेल पुसून काढावे आणि इंधनाच्या नळ्या झाकून घ्याव्यात. ब्रेक क्लीनर वापरलेल्या जागी उष्णता मुळीच देऊ नये, कारण क्लोरीनयुक्त क्लीनर तापल्यावर अत्यंत विषारी वायू तयार होतो. ॲल्युमिनियम लोखंडासारखे लाल न होता साधारण 660 अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून हेडवर ज्वाला रोखून धरू नये.

इतके करूनही बोल्ट तुटला, तर बाकीचे काढून मॅनिफोल्ड उतरवावा. आवळण्याचा ताण गेल्यामुळे बाहेर राहिलेला तुकडा कधीकधी पकडीने सहज फिरतो. फिरला नाही, तर त्यावर नट वेल्ड करून काढावा. वेल्डिंगची उष्णताच अर्धे काम करते. तुकडा हेडच्या पातळीत तुटला असेल, तर नेमक्या मध्यावर खूण करून डाव्या फिरकीच्या ड्रिलने छिद्र पाडावे. बारीक ईझी-आउट (छिद्रात घुसवून तुकडा उलट फिरवण्याचे उलट्या आट्यांचे अवजार) मी कोणालाही सुचवत नाही. ते कडक पण ठिसूळ असते आणि आत मोडले तर साधे ड्रिल त्याला ओरखडाही काढू शकत नाही.

जोडणी सोपी आहे. आटे आणि पृष्ठभाग साफ करावेत, सरळ पट्टीने सपाटपणा पाहावा, गॅस्केट (सांध्यातून गळती रोखणारी पातळ पट्टी) आणि बोल्ट नवीनच घ्यावेत. सगळे बोल्ट आधी हाताने लावावेत आणि मग मधून टोकांकडे, दोन-तीन टप्प्यांत, गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कने (आवळण्याच्या ठरलेल्या जोराने) आवळावेत. आड दडलेल्या बोल्टसाठी क्रोफूट (दांडा नसलेले उघड्या तोंडाचे पान्याचे टोक) वापरल्यास तो टॉर्क रेंचला (जोर मोजणाऱ्या पान्याला) काटकोनात लावावा, म्हणजे आकडा बदलत नाही. इंजिन थंड असतानाच सुरू करून ऐकावे. टिकटिक येत असेल आणि इंजिन तापल्यावर ती विरत असेल, तरी ती गळतीच आहे. त्या वाटेने कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरू शकतो, म्हणून गाडी रस्त्यावर नेण्याआधी तो सांधा पुन्हा तपासावा.