गणपतीतलं समूहगान: तालमीतल्या खोडी कशा मोडायच्या

इंदूरच्या मंडळात गणपतीसाठी समूहगान बसवताना आधी वह्या आणि मोबाइल बाजूला ठेवायला लावा. मान खाली गेली की गळा दबतो, आवाज जमिनीकडे जातो आणि हाताची खूण कुणालाच दिसत नाही.

सगळ्यात चिवट खोड म्हणजे शेजाऱ्याच्या आधाराने गाणं. तो सूर लावणार, मग हा लावणार. ओळ अर्धी मात्रा मागे पडलीच! अशांना एकटं गायला लावू नका, बिचारे आणखी बुजतात. दोन पक्क्या गळ्यांच्या मधे उभं करा. पेटी बंद, नुसता तानपुरा. केरवा तालाच्या ८ मात्रा हातावर मोजत चार-चार जणांकडून तीच ओळ म्हणवून घ्या. पेटी चालू असली की कच्चा सूर तिच्यामागे लपतो.

सगळे एकाच जागी श्वास घेतात, तिथे ओळ तुटते. लांब स्वरावर शेजाऱ्यांनी आळीपाळीने श्वास घ्यावा, तोही स्वराच्या मधेच, आणि हळूच परत मिसळावं.

पट्टी, म्हणजे गाण्याचा ‘सा’ किती उंच धरायचा ते, मुखड्यावरून ठरवू नका; अंतऱ्यातला सर्वांत वरचा सूर सगळ्यांना न ओरडता लागला पाहिजे.

आणि सराफ्यातली, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातली, दुधाची शिकंजी तालमीनंतरच. थंड, दाट दुधाने घसा जड होतो.