धुण्याची पावडर निवडताना या चुका टाळा

"भाऊ, पावडर कोणती चांगली?" लॉन्ड्रीच्या काउंटरवर हा प्रश्न रोज येतो. मी उलट विचारतो, "पाणी कुठलं? नळाचं, बोअरचं का टँकरचं?" समोरचा लगेच वैतागतो. त्याला कंपनीचं नाव हवं असतं, चौकशी नको असते. पण परभणीत नळाच्या पाण्यावर जी पावडर झकास चालते, तीच गावाबाहेरच्या कॉलनीत बोअरच्या पाण्यात सपशेल नापास होते. त्यात पावडरीचा दोष निम्माच.

आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. खडकातून मुरताना ते कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊनच येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात हा जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा असं धरलंय, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. 600 वालं पाणी 15 लिटरच्या बादलीत भरा. कपडा आत पडायच्या आधीच त्यात 9 ग्रॅम क्षार बसलेला. तुम्ही टाकलेली पावडर आधी त्याच्याशी भांडते, मग उरलीसुरली मळाकडे वळते.

इथंच सगळ्यात मोठी चूक होते. कपडे निघत नाहीत म्हणून माणूस पावडर वाढवतो.

एक काकू टॉवेलांचा गठ्ठा घेऊन आल्या होत्या. टॉवेल राखाडी आणि पापडासारखे कडक. "अंग पुसलं की खरवडतंय बघा," म्हणाल्या. पावडरी बदलून झाल्या होत्या, माप दुप्पट झालं होतं, वरून धुण्याचा सोडाही चालू होता. पाणी बोअरचं, हे त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, बाटलीत भरून आणा. दुसऱ्या दिवशी बाटली आली. अर्धी बाटली पाणी, त्यात साध्या साबणाचा कीस (पावडर नव्हे, साबणच), झाकण लावून हलवली. पाणी दुधासारखं गढूळ झालं आणि वर फेसाऐवजी साका तरंगला. पाणी जड निघणार हे अपेक्षितच होतं, पण इतकं? खोदून विचारल्यावर खरा प्रकार कळला. ते पाणी थेट बोअरचं नव्हतंच. स्वयंपाकघरातल्या आरओ मशीनची वाया जाणारी नळी त्यांनी बादलीत सोडली होती आणि सगळं धुणं त्याच पाण्यात भिजत होतं. "पाणी वाया कसं घालवायचं भाऊ?"

भावना एकदम बरोबर. ज्यांनी एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं आलेलं पाणी बघितलंय, त्यांना पाणी वाचवायला कुणी शिकवू नये. पण आरओ मशीन गोडं पाणी एका बाजूला काढतं आणि त्यातले क्षार दुसऱ्या नळीतून बाहेर टाकतं. म्हणजे बादलीत जमतं ते मूळ बोअरपेक्षाही जड पाणी. त्यात सोडा टाकला की क्षाराचा बारीक साका होतो आणि तो टॉवेलाच्या धाग्यात जाऊन बसतो. काकू इमानेइतबारे रोज टॉवेलावर चुन्याचा हात मारत होत्या! ते पाणी फरशीला, संडासाला वापरा, कपड्यांना अजिबात नको. टॉवेल मी लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवले. किराणा दुकानात मिळतं ते, अर्ध्या बादलीला एक चमचा. अर्ध्या तासानं खंगाळले. दोनतीन धुण्यांत मऊ आले, राखाडी झाक मात्र पूर्ण गेली नाही. हा उपाय करताना जवळपास ब्लीच नको, दोन्ही एकत्र आले की विषारी वायू सुटतो.

जड पाण्याला माझी सवय अशी: सोडा वापरायचाच तर रात्री नुसत्या पाण्यात विरघळवून ठेवायचा, सकाळी वरचं निवळ पाणी घ्यायचं आणि मगच पावडर. एवढा धीर नसेल तर लिक्विड घ्या, थंड पाण्यात पटकन विरघळतं आणि कपड्यावर कण सोडत नाही. महाग पडतं हे खरं. शिवाय शेतातल्या काळ्या मातीला लिक्विड कमी पडतं, तिथं पावडरच बरी. पावसाळ्यात पन्हाळीखाली पिंप लावलं तर दोन्हींवरचा खर्च कमी होईल, पण हे सांगितलं की लोक हसतात.

दुसरी चूक, फेसावर जीव टाकणं. फेस आणि स्वच्छता यांचा संबंध जाहिरातीत जितका दिसतो तितका बादलीत नसतो. फेसाळ पावडर म्हणजे खंगाळायला जादा पाणी, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या घराला एकेक बादली मोलाची. मी हातधुण्यालाही कमी फेसाची पावडर सांगतो. समोरून दार असलेल्या मशीनमध्ये तर बादलीची पावडर टाकूच नका. त्या मशीनमध्ये कपडे वरून खाली आपटून मळ निघतो. आत फेसाची गादी झाली की आपटणंच बंद. वर मेकॅनिकला बोलावून "मशीन खराब दिलं" म्हणायचं. पुड्यावर फ्रंट लोड, टॉप लोड असं स्पष्ट छापलेलं असतं, वाचायला अर्धा मिनिट लागत नाही.

आठवडी बाजारातली सुटी पावडर. तळहातावर घेऊन दोन थेंब पाणी टाकलं की गरम लागते आणि विकणारा म्हणतो, "बघा ताकद!" ती ताकद नव्हे, कोरडा सोडा पाण्यात विरघळताना गरम होतो. मळ सोडवणारा मुख्य माल त्यात नावाला असतो, बाकी सोडा, मीठ आणि भर. ग्लासभर पाण्यात चमचाभर ढवळून ठेवा. तळाला वाळूसारखं खरखरीत काही बसलं तर ती पावडर परत करा. ज्या घरात बायका रोज हातानं धुतात तिथं तर मी ही पावडर फुकटातही घेणार नाही, बोटांची सालं निघतात.

हळदीचा डाग पावडर लावताच लाल झाला की घाबरून ब्लीच ओतणारे बरेच आहेत. हळद सोड्याला लागली की लाल होणारच. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. नीट खंगाळा, डाग पुन्हा पिवळा होईल. मग ओला कपडा कडक उन्हात टाका. आपल्याकडचं ऊन हळद उडवतं, तेवढा एक फायदा आहे त्याचा. ब्लीचचं आणखी एक: बोअरच्या पाण्यात लोह असेल तर पांढरे शर्ट ब्लीचनं उजळायच्या ऐवजी तांबूस होतात, कारण विरघळलेलं लोह गंजून कापडावर बसतं. हे झाल्यावर माझ्याकडे आणू नका, आधी विचारा.

बाकी थोडक्यात. रात्रभर भिजवल्यानं मळ जास्त निघत नाही, सुटलेला मळ परत कपड्यावर बसतो. अर्धा तास पुरे. चिखल ओला असताना चोळू नका, वाळू द्या, झटका, मग भिजवा. 'चमक' देणाऱ्या पावडरीत निळसर झाक आणणारं रसायन असतं, पांढऱ्याला ठीक, खाकी आणि क्रीम रंगाला नको. रक्ताला गरम पाणी नको. पैठणीला एन्झाइमची पावडर लावणाऱ्याला काय बोलावं? रेशीम म्हणजे प्रथिन, आणि ते एन्झाइम प्रथिनच खातं. पैठणी ड्रायक्लीनला द्या, माझ्याकडे नाही तर दुसरीकडे.

आणि कपाशी-सोयाबीनवर फवारणी करून आलेले कपडे. "चांगली पावडर आहे, सगळं एकत्र टाकलं तरी चालतं," असं सांगणारे भेटतात. नाही चालत. ते त्याच दिवशी, वेगळ्या बादलीत, हातात मोजे घालून धुवा, दोनदा धुवा, उन्हात वेगळ्या दोरीवर वाळवा. लेकराचे कपडे त्या बादलीत कधीच नकोत, आणि ते पाणी आड, बोअर किंवा गुरांच्या हौदाजवळ ओतू नका.