भुरी सापडेना? रिसर्चसाठी डेटाबेसमध्ये सर्च असं करा

मावसबहिणीचं एमएस्सीचं प्रोजेक्ट द्राक्षावरच्या भुरी या बुरशीच्या रोगावर आहे, पिंपळगावला घरचीच बाग, त्यामुळे भुरी कशी दिसते नि कधी येते हे तिला कुणी शिकवायला नको. पण परवा गुगल स्कॉलरवर, म्हणजे गुगलच्या रिसर्च पेपर शोधायच्या साइटवर बसली आणि अख्खं वाक्यच टाकलं, नाशिकमध्ये द्राक्षाच्या भुरीला कुठलं औषध चालतं असं इंग्रजीत, आणि मग भलत्याच पिकांचे पेपर चाळत संध्याकाळ गेली. तिला जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

आधी कागद घ्या. प्रश्नाचे तुकडे पाडा, इथे तीन आहेत, पीक, रोग आणि औषध. आता प्रत्येकाखाली त्याची जेवढी नावं असतील तेवढी लिहा, आणि खरी मेहनत इथेच आहे बरं का, इथे कंटाळा केला की पुढे काही हाती लागत नाही. आपण भुरी म्हणतो, पेपरात पावडरी मिल्ड्यू असतं, बुरशीचं शास्त्रीय नाव एरिसिफी नेकेटर, आणि जुन्या पेपरांत हीच बुरशी अन्सिन्युला नेकेटर म्हणून येते, म्हणजे नुसतं नवीन नाव टाकलं तर कितीतरी जुनं काम तुमच्या नजरेलाच पडणार नाही! पिकाचंही तेच, ग्रेप, ग्रेपवाइन, व्हिटिस व्हिनिफेरा. नावं सुचत नसतील तर शेतीसाठी एफएओचा (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेचा) ॲग्रोवॉक हा शब्दसंग्रह फुकट बघता येतो, आणि आरोग्य विद्यापीठाच्या मुलांसाठी पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या डेटाबेसमधली मेश ही तशीच शब्दयादी.

मग जोडायचं. एकाच गोष्टीच्या नावांमध्ये ऑर (OR), ती सगळी कंसात, आणि दोन तुकड्यांमध्ये अँड (AND). दोन शब्दांचं नाव असेल तर अवतरणचिन्हात टाका. ऑर कॅपिटलमध्येच हवं. स्कॉलरमध्ये अँड लिहावं लागत नाही, स्पेस दिली की पुरतं.

नाशिक हा शब्द सुरुवातीला टाकूच नका. बुरशी तीच असते, इटलीतल्या बागेवरचा पेपरही कामाचा निघतो, आणि आपल्याकडच्या पेपरातही कुणी महाराष्ट्र लिहितं कुणी नुसतं इंडिया. रिझल्ट फारच आले तरच गाव, वर्ष वगैरे लावा, किंवा शब्द फक्त शीर्षकात शोधा.

एक चांगला पेपर हाती लागला की तो सोडू नका, माझ्या मते निम्मं काम तिथूनच होतं. त्याचे कीवर्ड बघा, तुमच्या कागदावर नसलेले शब्द उचला आणि परत सर्च मारा. शेवटची संदर्भयादी तुम्हाला मागे नेते, आणि स्कॉलरमध्ये पेपरखाली साइटेड बाय असतं ते पुढे, म्हणजे नंतर कुणी त्यावर काय काम केलं ते.

आपल्याकडचे पीएचडी प्रबंध शोधगंगावर मिळतात, कृषी विद्यापीठांचे कृषिकोशवर, दोन्ही फुकट. स्कोपस, वेब ऑफ सायन्स या पेपरांच्या मोठ्या डेटाबेसना पैसे लागतात, ते कॉलेजच्या लायब्ररीत आहे का विचारा. पेपर विकत घ्यायच्या आधी स्कॉलरमध्ये ऑल व्हर्जन्स उघडून बघा, बऱ्याचदा लेखकानेच पीडीएफ कुठेतरी ठेवलेली असते.

आणि हे सगळं करताना शेजारी एक एक्सेल उघडी ठेवा, तारीख, डेटाबेसचं नाव, सर्च जसाच्या तसा कॉपी करून आणि किती रिझल्ट आले. दोन महिन्यांनी गाइड विचारतात कुठे आणि कसं शोधलं, तेव्हा आठवत बसायला लागत नाही.