सांगलीत गुन्हे जास्त की शेजारी? आकडे ताडून पाहायची रीत

वर्षअखेरीला पोलिसांची आकडेवारी बाहेर आली की सांगली, सातारा, कोल्हापूरचे एकूण दाखल गुन्हे एका रांगेत मांडले जातात आणि ज्याचा आकडा मोठा तो जिल्हा बदनाम होतो. तुलनेसाठी एकूण बेरजेइतकी निरुपयोगी गोष्ट दुसरी नाही. आधी हद्द, मग गुन्ह्याचा प्रकार, मग लोकसंख्या, या क्रमानं गेलं तरच काही हाती लागतं.

हद्द म्हणजे पोलिसांची हद्द, नकाशावरचा जिल्हा नव्हे. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर ग्रामीण आणि पुणे ग्रामीण हे कोल्हापूर परिक्षेत्राचे घटक. पहिल्या तिघांत अडचण नाही. सोलापूर शहराला मात्र स्वतंत्र आयुक्तालय आहे. २०११ च्या जनगणनेत सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३,१७,७५६, त्यातले ९,५१,५५८ लोक शहरातले. ‘सोलापूर ग्रामीण’चे गुन्हे घेऊन अख्ख्या जिल्ह्याच्या लोकसंख्येनं भागलं, तर दर २२ टक्क्यांनी खाली दिसतो. ही चूक फार सर्रास होते. तसंच मिरज जंक्शनवर पाकीट मारलं गेलं तर ते सांगली पोलिसांच्या खात्यात येत नाही, लोहमार्ग पोलिसांच्या खात्यात जातं.

फक्त महापालिका क्षेत्र पाहायचं असेल तर सांगली शहर, विश्रामबाग, संजयनगर, मिरज शहर, महात्मा गांधी चौक आणि कुपवाड एमआयडीसी ही ठाणी धरा. भागायला महापालिकेची २०११ ची लोकसंख्या आहे ५,०२,७९३. ठाण्याची हद्द आणि वॉर्डाची हद्द एकमेकींवर तंतोतंत बसत नाहीत, म्हणून असा दर काढला की शेजारी ‘अंदाजे’ लिहा. आणि शहराचा दर दुसऱ्या शहराशीच लावा. शहराची अख्ख्या जिल्ह्याशी तुलना केली तर शहर नेहमीच वाईट दिसणार.

आता प्रकार. पोलिसांच्या तक्त्यात भाग १ ते ५ (खून, चोरी, मारामारी, फसवणूक वगैरे) आणि भाग ६ असे दोन गट असतात. भाग ६ मध्ये दारूबंदी, जुगार यांसारख्या विशेष कायद्यांखालचे गुन्हे येतात. त्यात फिर्यादी बहुधा पोलीसच असतो. छापे वाढले की आकडा वाढतो, म्हणून तो पोलिसांच्या कामाचा आकडा आहे. तुलनेतून भाग ६ पूर्ण काढून टाका.

भाग १ ते ५ मध्येही सगळं सारख्या भरवशाचं नाही. खून लपत नाही. वाहनचोरीही बऱ्यापैकी नोंदली जाते, कारण विम्याच्या दाव्याला एफआयआर लागते. मोबाइल चोरीवर विसंबू नका: एका ठाण्यात ती चोरी होते, दुसऱ्यात ‘गहाळ’. मारामारीतही साधी दुखापत अदखलपात्र म्हणजे एनसीत जाते, गंभीर असेल किंवा हत्यार वापरलं असेल तरच गुन्हा रजिस्टर नंबर पडतो. अपहरणाचा आकडा पाहून तर घाबरूच नका. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर अल्पवयीन मुलगा-मुलगी बेपत्ता झाली की अपहरणाचाच गुन्हा नोंदवतात. रागावून घर सोडलेली मुलंही त्यातच असतात.

फसवणुकीचा रकाना आपल्या पट्ट्यात वेगळा वाचावा लागतो. ऊसतोड मुकादमानं वाहनमालकाकडून लाखोंची उचल घेतली आणि हंगामाला टोळीच आणली नाही, की कलम ४२० लागायचं. द्राक्ष घेऊन पैसे न देणाऱ्या दलालाचंही तेच. साखर कारखाने आणि बागा जिथे दाट, तिथे हा आकडा फुगतो. तो सातारच्या डोंगराळ तालुक्यांशी लावण्यात अर्थ नाही.

वर्षं जोडतानाही एक खड्डा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. ४२० चं ३१८(४) झालं, ३०२ चं १०३, रात्रीच्या घरफोडीचं ४५७ चं ३३१(४). एवढं नुसतं कलम बदलणं झालं. पण हिसकावून नेण्यासाठी ३०४ हे कलम नवंच आलं. पूर्वी गळ्यातलं मंगळसूत्र ओढून नेलं की बहुतेक वेळा जबरी चोरी, ३९२ लागायचं. त्यामुळे २०२३ ची जबरी चोरी आणि २०२५ ची जबरी चोरी थेट ताडू नका. २०२५ साठी जबरी चोरी आणि नवं ३०४, या दोन्ही कलमांची बेरीज घ्या. २०२० आणि २०२१ ही वर्षं वगळलेलीच बरी. टाळेबंदीत कलम १८८ चे, म्हणजे सरकारी आदेश मोडल्याचे गुन्हे देशभर २०१९ मधल्या २९,४६९ वरून २०२० मध्ये ६,१२,१७९ वर गेले होते.

दर काढणं सोपं: गुन्हे भागिले लोकसंख्या, गुणिले १,००,०००. सांगली २८,२२,१४३, सातारा ३०,०३,७४१, कोल्हापूर ३८,७६,००१, हे सगळे २०११ चेच घ्या. एकाला जनगणना आणि दुसऱ्याला आजचा अंदाज, असं मिसळू नका. २००१ ते २०११ मध्ये सोलापूर १२ टक्क्यांनी वाढलं, सातारा ७ टक्क्यांनी. म्हणजे जुन्या लोकसंख्येवर सोलापूरचा दर साताऱ्यापेक्षा थोडा जास्त चढा दिसेल, हे ध्यानात ठेवा.

आकडे लहान असले की आणखी सावध राहा. समजा सांगलीत वर्षात ५६ खून आणि कोल्हापुरात ७४. दर येतो १.९८ आणि १.९१. सांगली वाईट? आकड्याचं वर्गमूळ काढून दुप्पट करा, ते आकड्यातून एकदा वजा करा आणि एकदा आकड्यात मिळवा. सांगली ४१ ते ७१, म्हणजे दर १.४५ ते २.५२, कोल्हापूर ५७ ते ९१, म्हणजे १.४७ ते २.३५. दोन्ही पट्टे एकमेकांवर चढतात. इतका फरक योगायोगानंही पडतो, त्यावरून क्रमवारी लावता येत नाही. तीन वर्षांची बेरीज करून पाहा. पट्टा अरुंद होतो.

जिल्हानिहाय तक्ते राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात मिळतात. एका एफआयआरमध्ये पाच कलमं असली तरी तिथे फक्त सर्वांत गंभीर कलम मोजतात, म्हणून ठाण्याची कलमवार बेरीज त्याच्याशी जुळणार नाही. ठाणेनिहाय पाहायचं तर महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ‘प्रकाशित एफआयआर’मध्ये जिल्हा, ठाणं आणि तारीख टाका. गुन्हा क्रमांक दरवर्षी १ पासून सुरू होतो. मध्ये गाळलेले क्रमांक दिसतील, कारण लैंगिक अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे तिथे टाकत नाहीत. म्हणून महिलांवरील गुन्ह्यांची मोजणी या पानावरून कधीच करू नका.

त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करा, पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. ‘गुन्हे का वाढले’ असं विचारलं तर उत्तर मिळत नाही. ‘अमुक वर्षाचा ठाणेनिहाय, शीर्षनिहाय दाखल व उघड गुन्ह्यांचा तक्ता’ असं मागा (शीर्ष म्हणजे गुन्ह्याचा प्रकार, उघड म्हणजे छडा लागलेला). तोच मजकूर एक शब्दही न बदलता सातारा आणि कोल्हापूरलाही पाठवा. शब्द बदलले की तक्त्याचे रकाने बदलतात, आणि मग पुन्हा जुळवत बसावं लागतं.